क्लॅरिनेटला व्हायोलिनच्या मापाने मोजू नका

मा. संपादक,

फुंकवाद्यांच्या बँडने वाजवलेल्या द्वोर्झाकच्या सिम्फनीत व्हायोलिन नाहीत, म्हणून ते रेकॉर्डिंग फिके, असे मत मांडणारे पत्र आपल्याकडे वाचले. फोंड्याच्या आसपासच्या फेस्तांत आणि लग्नांत मी तीस वर्षे क्लॅरिनेट वाजवला, म्हणून राहवले नाही.

चेक संगीतकार द्वोर्झाकच्या १८९३ च्या याच नवव्या सिम्फनीतला 'लार्गो', म्हणजे संथ लयीचा भाग घ्या. त्याची सुरुवात मुळातच फुंकवाद्यांची आहे. तिथे बँडला काही सबब नाही. ट्रॉम्बोन आणि ट्युबा ही पितळी वाद्ये एका श्वासात उतरली पाहिजेत. खरी परीक्षा त्यानंतर. इंग्लिश हॉर्न या ओबोच्या जातीच्या फुंकवाद्याच्या सुरावटीखाली मूळ रचनेत म्यूट (आवाज दबवणारा चिमटा) लावलेली तंतुवाद्ये असतात. बँडमध्ये तो भार बहुतेक क्लॅरिनेटवर येतो. व्हायोलिनचा गज परतवताना सूर तुटत नाही, माणसाला मात्र दम घ्यावाच लागतो. चांगल्या बँडमध्ये शेजारी-शेजारी बसलेले दोघे एकाच वेळी श्वास घेत नाहीत.

परवा रात्री पावसाची झड थांबल्यावर हेडफोन लावून मी ते रेकॉर्डिंग तीनदा ऐकले. क्लॅरिनेट अगदी हळू आवाजात वाजत होते, तरी सूर चढला नाही. ही मेहनत मला ठाऊक आहे, ओठ सुजतात. दोष आहे तो वेगळाच: प्रतिध्वनी इतका वाढवलाय की बासचे स्वर एकमेकांत कालवले जातात. तो दोष वाजवणाऱ्यांचा नव्हे, रेकॉर्डिंगच्या मिक्सिंगचा.

परीक्षण लिहिणाऱ्यांनी आधी हळू आवाजातले भाग ऐकावेत. मोठ्या आवाजात सगळेच बँड चांगले वाटतात.

आपला,
एक निवृत्त क्लॅरिनेटवादक, फोंडा