सव्वाचार किलोचे छत

बडोदा, दि. २७ जून २०२५

प्रति,
माननीय शहरी विकास व शहरी गृहनिर्माण मंत्री,
गुजरात राज्य, गांधीनगर

विषय: ताबा मिळाल्यापासून सहा वर्षेही न झालेल्या घराचे छत कोसळल्याबाबत

माननीय महोदय,

सादर नमस्कार. घरगुती तक्रारीसाठी आपला वेळ घेत आहे, याबद्दल आरंभीच क्षमा मागतो.

गेल्या आठवड्यात गुरुवारी सकाळी पावणेसातच्या सुमारास आमच्या आतल्या खोलीतील छताचा एक तुकडा आईच्या पलंगावर, नेमका उशीवर पडला. आई ब्याऐंशी वर्षांची आहे, पण अंथरुणातून पाचला उठून आंघोळीला जाण्याचा तिचा नेम अजून सुटलेला नाही. म्हणूनच हे पत्र तक्रारीचे आहे, दुसऱ्या कशाचे नाही. तो तुकडा मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. चार किलो दोनशे साठ ग्रॅम भरला.

मी एकतीस वर्षे इमारतींचे नकाशे काढण्याची नोकरी केली आहे, त्यामुळे स्टुलावर चढून वर पाहिल्यावर समजायचे ते समजले. स्लॅबमधल्या सळईला खालून काँक्रीटचे किमान वीस मिलीमीटर कव्हर, म्हणजे आवरण, हवे, असे भारतीय मानक सांगते. आमच्याकडे ते फूटपट्टीने सहा भरले. सळईवर गंजाचे पापुद्रे सुटले होते आणि बोटाने चोळल्यावर ते गव्हाच्या कोंड्यासारखे हातात येत होते. काँक्रीट नखाने खरवडले जात होते आणि त्यात मातीची ढेकळे होती, म्हणजे वाळू धुण्याचे कष्टही कोणी घेतले नव्हते. गंजलेले लोखंड फुगते आणि फुगताना खालचे काँक्रीट ढकलून पाडते, हे मी इतरांच्या इमारतींबद्दल अनेकदा सांगितले आहे. स्वतःचे घर घेताना मात्र मी फरशीचा रंग आणि बाल्कनीतला वारा पाहिला.

या घरासाठी आम्ही आमचा वाडा दिला. दांडिया बाजाराच्या मागच्या गल्लीतला तो वाडा पणजोबांनी सयाजीराव महाराजांच्या अमदानीत बांधला होता. भिंती दीड हात जाड, घाण्यात मळलेल्या चुन्याच्या, आणि वर सागवानी तुळया. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छ हादरले, तेव्हा बडोद्यात आमच्या देवघरातली घंटा आपोआप वाजली, फळीवरचा पितळी डबा खाली आला आणि आम्ही सगळे चौकात धावलो, पण भिंतीला केसाएवढीही चीर गेली नाही. जुने ते सारे सोने, असे मी म्हणणार नाही. स्वयंपाकघर अंधारे होते, मे महिन्यात कौले चाळून घ्यावी लागत आणि तरीही श्रावणात एखादी बादली माजघरात ठेवावीच लागे. त्या काळी वाईट बांधलेली घरे केव्हाच पडून गेली आणि उरली ती चांगली, हेही मला कळते. पण त्या घराचे दुखणे डोळ्यांना दिसत असे आणि चाळीस कौले बदलून ते बरे होत असे. या घराचे दुखणे पुट्टीच्या आत होते.

वाटणीत माझ्या वाट्याला सोळा लाख आले, बावीस लाख कर्ज काढले आणि अडतीस लाखांचे घर घेतले. त्यावर ४.९ टक्के स्टॅम्प ड्यूटी आणि एक टक्का नोंदणी मिळून सव्वादोन लाख रुपये आपल्या सरकारजमा केले. जाहिरातीत घर ११५० फुटांचे होते, टेप लावल्यावर ६५५ फुटांचे निघाले. उरलेले फूट जिन्यात, लिफ्टमध्ये आणि बिल्डरच्या कल्पनाशक्तीत आहेत. हप्ता महिना एकवीस हजार आठशे, तोही २०३४ पर्यंत. म्हणजे छत टिकले सहा वर्षांहून कमी आणि कर्ज टिकणार पंधरा, तेव्हा या व्यवहारात पक्के बांधकाम कशाचे झाले हे आपणच ठरवावे.

आपण म्हणाल, कायदा आहे. आहे, आणि मी तो वाचला आहे. २०१६ च्या रेरा कायद्याच्या चौदाव्या कलमाप्रमाणे, ताब्यापासून पाच वर्षांच्या आत दोष लक्षात आणून दिला, तर बिल्डरने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा आहे. आम्हाला ताबा २०१९ च्या दसऱ्याला मिळाला. त्याच छतावर ओलीचा डाग दिसला तो जुलै २०२२ मध्ये आणि मी त्याच आठवड्यात लेखी कळवले. बिल्डरने एक माणूस पाठवला, त्याने पुट्टी भरली, रंगाचा एक हात मारला आणि चहा पिऊन गेला. जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा कळवले, पुन्हा पुट्टी आली. आता ते म्हणतात की आपली मुदत संपली, आणि पूर्वीची तक्रार ओलीची होती, बांधकामाची नव्हती. जणू ती ओल आमच्या घरी पाहुणी म्हणून आली होती! ज्या कचेरीत दाद मागायची, तिथून माझी फाईल तीन वेळा परत आली, कारण एका कागदाची प्रत साक्षांकित नव्हती.

महोदय, या इमारतीच्या कागदांवर मी सह्या मोजल्या. आर्किटेक्टची, स्ट्रक्चरल इंजिनिअरची, साइट सुपरवायझरची, वापर परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची, बँकेच्या मूल्यांकनकाराची आणि बिल्डरची, अशा सहा सह्या आहेत. मूल्यांकनकार माझ्यासमोर दहा मिनिटांत खोल्या मोजून गेले आणि त्याचे पैसे माझ्याकडून घेतले गेले. सहा सुशिक्षित माणसांनी जे छत कागदावर पाहिले, ते एकानेही मान वर करून पाहिले नाही. पणजोबांच्या वाड्यावर एकाही इंजिनिअरची सही नव्हती. एक गवंडी होता, आणि तो त्याच गल्लीत राहत होता.

१५ एप्रिल २०२३ पासून जमिनीची जंत्री, म्हणजे सरकारी दर, एका रात्रीत दुप्पट करता आली. सरकारला जे वसूल करायचे असते, ते एका रात्रीत होते. मग काँक्रीटचे घनाकृती नमुने सात आणि अठ्ठावीस दिवसांनी दाबून जी ताकद मोजतात, तिचे आकडे प्रत्येक इमारतीच्या नावासमोर जाहीर करायला किती रात्री लागतील? घर घेणाऱ्याची पहिली लेखी तक्रार आली की पाच वर्षांचे घड्याळ तिथेच थांबावे आणि दोष कसला आहे हे बिल्डरने नव्हे, तर त्रयस्थ प्रयोगशाळेने ठरवावे, एवढेच माझे मागणे आहे. नुकसानभरपाई मी वेगळी मागेन आणि ती मिळणार नाही, याची मला बऱ्यापैकी कल्पना आहे.

आमच्या वाड्याच्या जागी आता अकरा मजल्यांची इमारत उठते आहे. तिच्या नावात 'वाडा' हा शब्द आहे आणि जाहिरातीत सागवानी खांबांचे चित्र आहे. परवा तिकडून जाताना मी कुंपणाबाहेर थोडा वेळ उभा राहिलो. दुपारचे दोन वाजले होते, आदल्या दिवशी भरलेला स्लॅब उन्हात कोरडा पडला होता आणि त्यावर पाणी मारणारे कोणी नव्हते. स्लॅब किमान सात दिवस ओला ठेवायचा असतो, कोरड्या उन्हाळी हवेत दहा.

आई सध्या हॉलमध्ये झोपते. पलंग कुठे ठेवायचा हे तिने स्वतः ठरवले, दाराच्या चौकटीला लागून. तो तुकडा मी कापडी पिशवीत घालून जपून ठेवला आहे. आपण वेळ द्याल त्या दिवशी गांधीनगरला घेऊन येईन.

आपला,
बडोद्यातील एक घरमालक
(बँकेच्या नोंदीप्रमाणे कर्जदार)