अंदमानातल्या हॅवलॉकहून, आई-बाबांना

प्रिय आई-बाबा,

इथल्या स्कूबा डायव्हिंगच्या कामासाठी दोन वर्षांच्या करारावर सही झाली आहे. फोनवर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून लिहितेय. बाबा, रागवा हवं तर, पण त्या रागात रात्रीची बीपीची गोळी चुकवू नका.

तुमच्या डोक्यात 2006 सालचा स्टीव्ह आयर्विन, टीव्हीवरचा तो मगरवाला, बसलाय, ठाऊक आहे मला. छातीत वागळीचा काटा घुसून गेला तो. पण वागळी कुणाच्या मागे लागत नाही. वाळूत अंग पुरून बसते आणि वाट अडली की शेपूट उगारते. म्हणून तळाला टेकायचं नाही, तिच्या डोक्यावरून जायचं नाही, पळायला एक बाजू मोकळी सोडायची. स्टोनफिश तर हलतही नाही. शेवाळलेला धोंडाच तो, पाठीवर 13 विषारी काटे. आम्ही हातमोजे देत नाही ते याचसाठी. हातमोजा चढला की माणूस खडकाला धरतो, आणि हा काटा त्यातूनही आत जातो.

अंगावर धावून येतो तो टायटन ट्रिगरफिश, तोही घरटं राखत असला तरच. विणीच्या दिवसांतला कावळा कसा टाळूवर चोच मारतो, तसाच. आधी पाठीवरचा काटा ताठ करतो, कुशीवर कलून डोळा रोखतो. त्याची हद्द नरसाळ्यासारखी, खाली निमुळती, वर पसरट. घाबरून वर गेलात तर हद्दीतच राहता. तोंड त्याच्याकडे, मध्ये पायातली फिन, आणि आडवं मागे सरकायचं. चावा भरून येतो हो. श्वास रोखून भसकन वर आलेल्याचं फुप्फुस फाटतं, ती खरी भीती. मिनिटाला 9 मीटरपेक्षा जोरात वर यायचं नाही, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. यात मी कुणाचं ऐकत नाही.

आई, तुझी अंगठी कपाटात आहे, हरवली नाही. चकाकणारं काही दिसलं की बॅराकुडाला छोटा मासा वाटतो, म्हणून पाण्यात घालत नाही. रोज संध्याकाळी घालते.

काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, 45 अंशांच्या आत, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचं. विष उष्णतेने निकामी होतं. पाणी आधी न दुखणाऱ्या हाताने बघायचं, कारण दुखऱ्या हाताला पोळलेलं कळत नाही. शिंगाळ्याच्या काट्याला आजी हेच करायची ना? बोटीवर दोन थर्मास भरलेले असतात. छातीत किंवा पोटात रुतलेला काटा मात्र उपसायचा नाही. तसाच आधार देऊन दवाखाना गाठायचा.

खोली हवेशीर आहे, पंखा आहे, भात आणि नारळ रोज. फक्त सोलं नाहीत. पाठवशील? आणि कढी करशील तेव्हा माझ्या वाटणीची बाबांना देऊ नकोस, मीठ कमी सांगितलंय त्यांना.

बाबा, मोतीबिंदूचं दिवाळीनंतर वगैरे चालणार नाही. मी गणपतीला येतेय, पावसात इथे काम थंडच असतं, तेव्हाच उरकू. तारीख घेऊन ठेवा आणि मला कळवा. मोरीवरची ती चप्पल आधी फेकून द्या, तळ गुळगुळीत झालाय तिचा.

तुमची,
बाय