तिकिटं रद्द केली आहेत

कंपाला

प्रिय आई-बाबा,
सा. न.

तुमची तिकिटं काल मी रद्द केली. फोनवर सांगायचा धीर होईना. बाबा, रागावू नका, आधी पूर्ण वाचा.

युगांडात यायचं तर पिवळ्या तापाची लस घ्यावी लागते, किमान १० दिवस आधी. त्या लशीत जिवंत विषाणू असतो. आईला संधिवातासाठी मेथोट्रेक्सेटची गोळी चालू आहे, तिने प्रतिकारशक्ती कमी होते, म्हणून आईला ती लस चालत नाही. साठीनंतर पहिल्यांदाच घेणाऱ्यांना गंभीर त्रासाची शक्यता जास्त असते, त्यामुळे बाबा, तुमच्या बाबतीतही माझं मन होईना. लस देता येत नाही असं डॉक्टरांचं पत्र मिळतं, पण म्हणून डास चावायचे राहत नाहीत. शिवाय परतताना मुंबईत ६ दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. आईचे गुडघे आणि तिथली परकी खाट, नको गं बाई.

"महिनाभर गोळी बंद केली तर?" असं बाबा परवा विचारत होते. अजिबात नाही! आत्याच्या वेळचं आठवा. गोळी आठवड्यातून एकदाच, रविवारी. डब्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. रक्ततपासणी चुकवायची नाही.

एक लपवलं होतं, तेही सांगते. मार्चमध्ये मला मलेरिया झाला. बोट टोचून अर्ध्या तासात कळलं, लगेच औषध सुरू झालं. ४-४ गोळ्या दोन वेळा, ३ दिवस, दुधाबरोबर. दुसऱ्या रात्री ओला रुमाल कपाळावर ठेवला, तर आई, मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या बदलताना तुझ्या बांगड्या भुवईला गार लागायच्या ते आठवलं. खूप रडले. आता ठणठणीत आहे, खरंच. औषध लावलेल्या मच्छरदाणीत झोपते, पाणी उकळून पिते, गुजराती दुकानात तूरडाळ, पोहे सगळं मिळतं.

बाबा, जिंजाला नाईलच्या काठावर तुम्हाला उभं करायचं होतं. नकाशावर तुम्हीच बोट ठेवून दाखवली होतीत ती जागा. मला फार वाईट वाटतंय.

दिवाळीला मीच येते, वसुबारसेपर्यंत पोचेन. आई, भाजणीचं मी आल्यावर बघू, एकटीने गिरणीत जाऊ नकोस. आणि घरी आल्यावर मला ताप आलाच, तर डॉक्टरांना आधी सांगायचं, पोरगी युगांडाहून आलीय.

तुमची,
मनू