कॅनाबिनॉइड छापताना नेमकं कोणतं तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हल्ली कॅनाबिनॉइड हा शब्द पेपरात सारखा दिसायला लागलाय, कधी पोलिसांनी पकडलेल्या मालाच्या बातमीत, कधी आरोग्य पुरवणीत सांधेदुखीच्या तेलाबद्दल, आणि बहुतेक वेळा अर्थ एकच दिलेला असतो, गांजातला नशा आणणारा घटक. मी सांगलीत मेडिकल चालवतो, लोक मोबाइलवर अशा बातम्या दाखवून काउंटरवर विचारतात की हे घ्यावं का, हे बेकायदेशीर आहे का, म्हणून हे पत्र. तो अर्थ अर्धवट आहे आणि त्याने लोकांची खरोखर फसगत होते.

सुरुवातीला या शब्दाचा अर्थ छोटाच होता. भांग, गांजा, चरस हे सगळं एकाच झाडाचं, आणि त्या झाडात जे खास रेणू सापडतात ते कॅनाबिनॉइड, असं शंभरावर रेणू आता माहीत आहेत. त्यातला सीबीडी १९४० मध्ये अमेरिकेत रॉजर ॲडम्स यांनी वेगळा काढला आणि नशा ज्याने येते तो टीएचसी १९६४ मध्ये इस्रायलमध्ये राफेल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी शुद्ध स्वरूपात मिळवला, तोही पोलिसांकडून मिळालेल्या हशीशपासून, म्हणजे चरसपासून. म्हणजे तेव्हाच स्पष्ट होतं की या शंभरातले सगळे नशेचे नाहीत. सीबीडीने नशा येत नाही.

पण खरी उलथापालथ झाली १९८८ नंतर. टीएचसी मेंदूत नेमका जिथे जाऊन बसतो तो रिसेप्टर अमेरिकेत सापडला, आणि मग साहजिक प्रश्न आला की माणसाच्या डोक्यात झाडातल्या पदार्थासाठी जागा कशाला असेल, शरीर स्वतःच काहीतरी बनवत असणार. १९९२ मध्ये मेशुलाम यांच्याच लॅबमध्ये डुकराच्या मेंदूतून तो पदार्थ मिळाला आणि त्याचं नाव ठेवलं आनंदामाइड, आपल्या संस्कृत आनंदावरून! पुढे १९९५ मध्ये दुसराही सापडला. भूक, वेदना, आठवण, मूड अशा बऱ्याच गोष्टींत या आतल्या कॅनाबिनॉइडचा हात असतो, ज्याने आयुष्यात बिडी ओढली नाही त्याच्याही. ही यंत्रणा किती महत्त्वाची ते एका औषधाने दाखवलं, रिमोनाबँट नावाची वजन कमी करायची गोळी होती, ती हाच रिसेप्टर बंद करायची, वजन उतरायचं पण काही पेशंटना डिप्रेशन आणि आत्महत्येचे विचार यायला लागले म्हणून २००८ मध्ये युरोपात ती थांबवावी लागली.

तेव्हापासून या शब्दाचे दोन अर्थ शेजारी शेजारी चालतात, एक झाडावरून आणि एक रिसेप्टरवरून, आणि सगळा घोळ इथेच आहे. सीबीडी झाडातला म्हणून कॅनाबिनॉइड, पण त्या रिसेप्टरवर तो जेमतेमच बसतो. उलट मिरी आणि लवंगेत कॅरिओफिलीन म्हणून घटक असतो, तो दुसऱ्या प्रकारच्या कॅनाबिनॉइड रिसेप्टरला चिकटतो, नशा बिलकुल नाही, पण या दुसऱ्या अर्थाने तोही याच यादीत येतो.

आणि मग तिसरा गट, लॅबमध्ये बनवलेले. यातले काही रीतसर औषधं आहेत, केमोच्या उलट्यांवर परदेशात वर्षानुवर्षं देतात. पण रस्त्यावर स्पाइस किंवा के-टू नावाने जे विकलं जातं ते फार वेगळं, कुठल्याही वाळक्या पाल्यावर केमिकल फवारतात आणि पुडी करतात. यातला जेडब्ल्यूएच-०१८ तर रचनेने टीएचसीसारखा दिसतसुद्धा नाही, पण टीएचसी त्या रिसेप्टरला अर्धवट चालू करतो आणि हे रेणू पूर्ण ताकदीने. झटके येतात, किडनी जाते, माणूस मरतो. २०१८ मध्ये इलिनॉय राज्यात अशा मालात उंदीर मारायचं ब्रोडिफॅकोम निघालं, लोकांना आतून रक्तस्राव झाला, काही दगावले. वर नेहमीच्या लघवीच्या तपासणीत हे बहुतेक वेळा सापडत नाहीत कारण ती टेस्ट टीएचसीसाठी बनवलेली असते. आता कॉलेजच्या पोराने "कृत्रिम कॅनाबिनॉइड, म्हणजे गांजासारखंच" असं वाचलं तर तो काय समजेल? त्याला वाटेल गांजाच आहे, फक्त टेस्टमध्ये येत नाही. मला या एका वाक्याची सगळ्यात जास्त भीती वाटते.

कायद्याचंही तसंच. १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे असं मानतो, नुसती पानं आणि बिया त्यात धरत नाही, म्हणून पानांपासून केलेली विजया (भांगेचं आयुर्वेदातलं नाव) तेलं आयुष लायसन्सवर विकता येतात. पण पानातही टीएचसी असतो, कमी पण असतो. लेबलवर आयुर्वेदिक आणि कायदेशीर लिहिलंय म्हणजे आत फक्त सीबीडी आहे असा अर्थ होत नाही, आणि ते डॉक्टरच्या चिठ्ठीवर घ्यायचं औषध आहे, सांधेदुखीचं बाम नव्हे.

संपादक साहेब, विनंती एवढीच की बातमीत टीएचसी, सीबीडी की लॅबमधला कृत्रिम, हे एका शब्दाने लिहा. लॅबचा रिपोर्ट यायचा असेल तर तसंच छापा. स्टिरॉइड म्हटलं की लोकांना जिमची पोरंच आठवतात आणि त्या धास्तीने दम्याचे पेशंट इनहेलर सोडून देतात, हे मी काउंटरवर रोज बघतो. या शब्दाचं तसं होऊ देऊ नका.

आणि तुमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी मुलाला फिट्स येतात त्यांच्यासाठी दोन ओळी जागा द्या. अमेरिकेत २०१८ मध्ये शुद्ध सीबीडीचं औषध फिट्सच्या दोन दुर्मिळ आजारांसाठी मंजूर झालं हे खरं आहे, पण ते मोजून मापून बनवलेलं औषध आहे, ऑनलाइन मागवलेली बाटली नाही. सीबीडीने क्लोबाझाम या फिट्सच्या गोळीचा परिणाम वाढून मूल गुंगीत जाऊ शकतं आणि व्हॅल्प्रोएट हे फिट्सचंच दुसरं औषध चालू असेल तर लिव्हरवर ताण येऊ शकतो. तेल आधीच सुरू केलं असेल तर बाटली घेऊन न्युरोलॉजिस्टकडे जा, ते रागावतील म्हणून लपवू नका, आणि फिट्सची चालू गोळी मनाने एक दिवसही बंद करू नका.

आपला,
एक औषधविक्रेता वाचक, सांगली