आशाताई, प्रश्नावली तुम्ही दुरुस्त केलीत

कोल्हापूर

आदरणीय आशाताई,
सप्रेम नमस्कार.

करवीर तालुक्यातल्या पूरग्रस्त घरांच्या पाहणीचा आमचा गटप्रकल्प विभागात जमा झाला. अहवालात तुमच्या वाट्याला एकच ओळ आली. तुमचं काम त्या ओळीत मावत नाही, म्हणून हे पत्र.

पहिला घोळ 'कुटुंब' या शब्दाचा होता. एकाच वाड्यात एक गट एक कुटुंब मोजतो, दुसरा रेशनकार्डं बघून तीन. तुम्ही म्हणालात, "चूल मोजा." तीन गटांचे फॉर्म एकमेकांशी जुळले ते त्यामुळं.

"महिन्याचं उत्पन्न किती?" हा प्रश्न तुम्ही वाचल्या वाचल्या खोडायला लावलात. दुधाचं बिल दहा दिवसांनी, उसाचं कारखाना देईल तेव्हा. महिन्याचा आकडा सांगणार कोण? डेअरीला रोज किती लिटर घालता आणि ऊस किती गुंठे, असं विचारल्यावर माणसं न अडखळता बोलली.

२०१९ आणि २०२१ चे पूर लोकांच्या बोलण्यात एकमेकांत मिसळतात. साल विचारू नका, सण विचारा, हा तुमचा सल्ला. २०१९ ची नागपंचमी ५ ऑगस्टला होती, २०२१ ची आषाढी एकादशी २० जुलैला. "पंचमीचं पाणी की आषाढीनंतरचं?" एवढं म्हटलं की आजी जनावरं कुठं नेऊन बांधली इथपर्यंत सांगतात. भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेचंही तसंच. टेप उंबऱ्यापासून लावली तर उंच जोत्याचं घर कमी बुडालेलं दिसतं आणि शेजारच्या दोन घरांचे आकडे जुळत नाहीत. रस्त्यापासून लावायची आणि जोत्याची उंची वेगळ्या रकान्यात लिहायची. हे आमच्या एकाही पुस्तकात नव्हतं.

सलग यादीतलं दर आठवं घर घेतलं असतं तर नदीकडच्या गल्लीतली मोजकीच घरं आली असती. तुम्ही यादीचे दोन भाग करायला सांगितलेत, खालची गल्ली आणि माळावरची, आणि दोन्हींतून वेगवेगळी घरं निवडायला लावलीत. कुलूप दिसलं की शेजारचं घर घ्यायचं नाही, हेही तुमचंच. दुपारी कुलूप असतं ते बहुतेक शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्यांचं. ती घरं गाळली की पाहणीत नुसते शेतकरीच उरतात. अशा घरी संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी दोनदा जायचं, मगच यादीतला पुढचा क्रमांक.

आणि दारातलं पहिलं वाक्य: "आम्ही पंचनाम्याला आलो नाही, यातनं अनुदान मिळणार नाही." नुकसानीचे आकडे का फुगतात हे आम्हाला तेव्हा कळलं. हातात कागद घेतलेला माणूस दारात आला की तो मदतीच्या यादीसाठीच आला असणार, असं लोक धरून चालतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. हे वाक्य बोलल्यावर काही दारं लगेच बंद झाली, पण जी उघडी राहिली तिथली उत्तरं खरी होती.

तुमच्या वहीतलं एकही नाव तुम्ही आम्हाला दिलं नाहीत, फक्त घर क्रमांक दिलेत. ती क्रमांकांची यादी या पत्रासोबत परत पाठवतो आहोत. अहवालाचा दोन पानी मराठी सारांशही जोडला आहे, ठळक टायपात, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावता येईल असा. रेघांच्या मापाचा तक्ता त्याच्या मागच्या बाजूला आहे. एखादं माप चुकलं असेल तर त्यावरच पेनानं दुरुस्त करा.

तुमचे,
समाजशास्त्र विभागातले तिन्ही गट