वाढ्यांनी बांधलेले पाचट: ऊसतोड टोळीतील एका ताईंचे जाहीर आभार

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आपले नाव कुठे लिहू नये, असे तुम्ही निघताना सांगितले होते, म्हणून या पत्रात ते नाही. आभार मात्र चारचौघांतच मानायचे होते. मातीवर पसरायच्या ज्या आच्छादनासाठी मी तालुक्यातल्या जाणत्या माणसांचे उंबरे झिजवले, ते पहाटेपासून ऊस तोडून थकलेल्या तुम्ही न मागता अधिक चांगले करून दिलेत.

आमच्या घरामागे गुंठाभर जागेत भाजीपाला आहे. ही जमीन आम्ही खणत नाही आणि कुदळत नाही. पीक निघाले की बुंधा जमिनीलगत कापायचा, मुळे आतच कुजू द्यायची आणि वर आच्छादन घालायचे, एवढीच तिची मशागत. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर आणि नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी ऊस-भातासारख्या पिकांत विनानांगरणीची शेती वर्षानुवर्षे करून दाखवली आहे. आमची वांगी, मिरची, गवार त्याच विचारावर उभी आहेत. परंतु या पद्धतीत आच्छादन नसेल तर काहीच उरत नाही. उघडी पडलेली माती उन्हाने कडक होते, तण माजते आणि शेवटी हातात खुरपे घ्यावेच लागते.

हे आच्छादन परवडेल अशा दरात मिळवताना जे अनुभव आले, त्यांची आठवण अजूनही बोचते. एका दुकानदाराने २५ मायक्रॉनचा प्लास्टिकचा मल्चिंग पेपर पुढे केला आणि कुजणारे काही हवे आहे म्हटल्यावर बोलणेच थांबवले. दुसऱ्याकडे नारळाच्या सोडणांचा भुगा होता, पण त्याचा भाव पाहता त्या पैशांत वर्षाची भाजी विकत आली असती. एका व्यापाऱ्याने पाठवलेल्या गव्हाच्या काडात गाजरगवताचे बी होते, आणि भारे नायलॉनच्या दोरीने आवळलेले होते. त्या दोरीचे तुकडे आजही मातीतून वर येतात. आणि एका बागायतदाराने 'हवे तेवढे पाचट', म्हणजे उसाचा वाळलेला पाला, 'न्या' असा शब्द देऊन दुसऱ्याच रात्री फड (तोडणीचे शेत) पेटवून दिला. मागणाऱ्याला निदान 'नाही' म्हणून सांगावे, एवढेही त्यांना जमले नाही.

ताई, तुमच्याशी बोलताना या दोरीचा उल्लेख माझ्याकडून सहज झाला होता. तुमची टोळी तोडत असलेल्या फडात पाचट उचलायला मी आले, तेव्हा सोबत सुतळीचा गुंडा आणला होता. तो तुम्ही बाजूला ठेवलात आणि 'दोरी कशाला मातीत घालता, वाढ्यानं बांधते, कुजून जाईल' एवढेच म्हणालात. मग जशी उसाची मोळी बांधता तशीच वाढ्यांना, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या हिरव्या पात्यांना, पीळ देऊन एकेक भारा आवळलात. बांधाकडचे पाचट, ज्यात तणाचे बी असण्याचा धोका होता, ते वगळून फडाच्या मधले, कोरडे आणि स्वच्छ तेवढे घेतलेत.

वाढे म्हणजे काय हे ऊसपट्ट्यात राहणाऱ्यांना ठाऊक आहे. तोडणीचे पैसे टनावर मिळतात, तेही बहुधा टोळीच्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीत वळते होतात. हातात रोख येते ती जनावरांच्या चाऱ्यासाठी विकलेल्या वाढ्यांची, आणि त्यातूनच टोळीचे मीठ-मिरची चालते. भारे बांधण्याची ठरलेली मजुरी तुम्ही घेतलीत, ते योग्यच होते. वाढ्यांचे पैसे मात्र मी पुढे केले तेव्हा तुम्ही हात मागे घेतलात. माझ्या मातीत दोरी जाऊ नये म्हणून तुम्ही स्वतःची विकाऊ वस्तू खर्ची घातलीत, आणि ती माती तुम्ही कधी पाहिलेलीही नव्हती.

त्या पाचटाचे मोल सांगायला हवे. एक हेक्टर उसातून साधारण ८ ते १० टन पाचट निघते, म्हणजे गुंठ्याला ८० ते १०० किलो. त्यात नत्र जेमतेम अर्धा टक्का असते, पण सेंद्रिय कर्ब भरपूर असतो, आणि फड पेटवला की हे दोन्ही बहुतांश धुरातून निघून जातात. खरे तर पाचटाची पहिली जागा खोडव्याच्या, म्हणजे तोडणीनंतर त्याच बुंध्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसाच्या, सरीतच आहे आणि ज्या शेतकऱ्याला ते तिथे कुजवायचे आहे त्याच्याकडून ते कोणी नेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. आम्ही नेले ते जाळण्यासाठी ठेवलेले होते. मालकांनी आनंदाने परवानगी दिली, त्यांचेही आभार. आज वैशाखाच्या उन्हात आमच्या वाफ्यांत पाचटाखालची माती ओलसर आहे, गांडुळांची विष्ठा वरपर्यंत दिसते, आणि तुम्ही पिळलेल्या वाढ्यांचे बंध काळे पडून त्याच थरात मिसळत आहेत. उपटून काढावे असे तण जवळपास नाही.

दुसऱ्याच्या कामाची काळजी आपल्या कामाइतकी घेणारी माणसे आपल्या गावोगावच्या फडांत राबत असतात, आणि आपण त्यांना 'एक कोयता' म्हणून मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता! ज्यांच्याकडे गोदामे आणि बागायती होत्या त्यांनी मला जे दिले नाही, ते पालात राहणाऱ्या बाईने दिले, हे मला लिहून ठेवावेसे वाटले. माणुसकीवर मोठी भाषणे मी अनेक ऐकली आहेत. त्यांपैकी एकाही वक्त्याला दोरीचा विचार सुचला असता, असे मला वाटत नाही.

हे पत्र मी तुमच्या मुकादमांच्या फोनवरही पाठवत आहे. तुमची लेक दहावीला आहे, ती तुम्हाला ते वाचून दाखवील. दिवाळीनंतर टोळी पुन्हा कराडकडे आली, तर दोन गोष्टींची विनंती आहे. एक, घरी जेवायला यावे आणि वाफे स्वतः पाहावेत. दुसरी, पुढच्या भाऱ्यांना लागणाऱ्या वाढ्यांचे पैसे या वेळी आधी घ्यावेत, मगच बांधायला बसावे.

आपली कृतज्ञ,
परसबाग करणारी एक निवृत्त शिक्षिका
तालुका कराड, जिल्हा सातारा