ग्रेन दाखवणाऱ्या बाइंडर काकांना

ती. स्व. काकांना,
सा. न. वि. वि.

दोन मजले उतरून हे पत्र तुमच्या हातात देता आलं असतं. पण तुम्ही मला जे शिकवलंत ते घरी शुभेच्छापत्रं करणाऱ्या पुष्कळांच्या उपयोगाचं आहे, आणि ते मला कुणाकडून मिळालं हे चारचौघांत सांगावंसं वाटलं. तुमचं नाव लिहीत नाही, कारण ते तुम्हाला आवडणार नाही.

दिवाळी, संक्रांत, कुणाची पंच्याहत्तरी, कुणाचं बारसं, प्रत्येकाला हाताने केलेलं कार्ड द्यायचं हा माझा जुना नाद. त्यापायी घरात सामान साठत गेलं: कार्डशीट, घोटीव कागद, पतंगाचा कागद, क्विलिंगच्या पट्ट्या, लग्नपत्रिकांची सुटी पानं, साड्यांचे जुने काठ, मणी, टिकल्या, लेस. तुम्ही दाराशी आलात ते पाण्याच्या टाकीबद्दल विचारायला. टेबलावरचं सगळं पाहून आत येऊन बसलात आणि म्हणालात, "चादर अंथर आणि सगळं खाली काढ." मग एकेक कागद उचलून त्याचा कोपरा दोन बोटांत चोळून पाहायला लागलात. उभं आयुष्य पुस्तकबांधणीत घालवलेल्या माणसाने माझे कागद असे निगुतीने हाताळावेत, याचंच मला त्या दिवशी फार अप्रूप वाटलं. घरात याला "वेळ घालवायचा छंद" म्हणतात. तुम्ही त्याला काम म्हणालात. पहिले आभार त्याचेच.

मी रंगांप्रमाणे गठ्ठे करायला घेतले, तर तुम्ही जाडीप्रमाणे करायला लावलेत. झेरॉक्सचा कागद ७०-८० जीएसएमचा, कार्डाला लागतो तो २०० ते ३००चा. (ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन.) कार्ड करायला बसलं की आधी पाया कशाचा हे ठरतं, रंग मागाहून येतो, आणि पातळ कागद जाडाखाली राहिला की मुडपतो. त्यामुळे आता तीनच भाग आहेत: पाया होणारा कागद, त्यावर डकवायचा कागद आणि निव्वळ सजावटीचा. महागडे डबे तुम्ही घेऊ दिले नाहीत. साडीच्या खोक्यात ए-फोर कागद आडवा नीट बसतो, मिठाईच्या खोक्यांत मणी-टिकल्या. मोठे ताव पलंगाखाली प्लायवर सपाट, वर एक जड फळी. गुंडाळून ठेवलेल्या तावाला बाक येतो, आणि पावसाळ्यात तो बाक जाता जात नाही.

आता ग्रेनबद्दल. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण माझी कार्डं खरी बदलली ती इथे.

यंत्रावर कागद तयार होताना लगदा एका दिशेने वाहतो आणि त्यातले बहुतेक तंतू त्याच दिशेने लांबलचक पडतात. तो कागदाचा ग्रेन. त्याच्या बाजूने घडी घातली तर ती सरळ, गुळगुळीत बसते. आडवी घातली तर जाड कागद घडीवर फुटतो आणि रंगाच्या थराखालचा पांढरा पोटातला भाग दिसायला लागतो. तुम्ही ताव हातात धरून आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने हलकाच वाकवायला लावलात. ज्या बाजूने तो सहज वाकला, घडी त्या बाजूची. बाजारातल्या बहुतेक ए-फोर कागदांचा ग्रेन लांब बाजूने असतो. तोच कागद मधोमध दुमडून नेहमीचं कार्ड केलं की घडी येते २१० मिलिमीटरच्या आखूड बाजूला समांतर, म्हणजे नेमकी ग्रेनच्या आडवी. म्हणून पायाचा कागद मोठ्या तावात घ्यायचा आणि ग्रेन घडीच्या दिशेने येईल असा कापायचा, हे तुमचं सांगणं.

त्याहून मोलाचं वाटलं ते हे, की कापण्याआधी तावाच्या मागे पेन्सिलीने ग्रेनच्या दिशेचे बाण काढायचे, प्रत्येक तुकड्यावर एक तरी बाण राहील इतके. आज माझ्या खोक्यातल्या दोन बोटं रुंद कपट्यालाही बाण आहे. उरलेले तुकडे त्यामुळे कामाला येतात; चाचपत बसावं लागत नाही.

घडीआधी शाई संपलेल्या बॉलपेनने, स्टीलची पट्टी धरून रेघ दाबायची. दाबलेली पन्हाळ घडीच्या बाहेर आणि मागे उठलेला उंचवटा आत. मला हे उलटं वाटायचं. तुम्ही एकाच तावाचे दोन तुकडे दोन्ही तऱ्हांनी दुमडून माझ्यासमोर ठेवलेत आणि काही बोलला नाहीत.

डिंकाचंही तसंच. पाणी लागलं की कागद ग्रेनच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो. एकावर एक डकवायच्या दोन कागदांचे बाण एकाच दिशेला असले तर वाळल्यावर कार्ड सपाट राहतं, नाहीतर ताटलीसारखं वळतं. पूर्वी तुम्ही मैद्याच्या खळीत मोरचूद घालत होतात, कसर लागू नये म्हणून. पण खालच्या मजल्यावरची मुलं माझ्याकडे कार्डं करायला येतात हे कळल्यावर "मोरचूद विषारी, ते या घरात आणायचं नाही" असं बजावलंत. खळ लागेल तेवढीच शिजवायची आणि उरलेली टाकून द्यायची. ती मुलंही आता बाण काढतात.

आणि शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत तुम्ही मला घेऊन गेलात, त्याबद्दल काय लिहू? १९४०पासून ही संस्था आपल्याच पुण्यात आहे आणि तिथे सुती चिंध्यांच्या लगद्यापासून कागद होतो. लगद्याच्या पाण्यात साचा बुडवून वर उचलताना तो हाताने हलवतात, म्हणून तंतू चहूबाजूंनी पसरतात आणि हातकागदाला यंत्राच्या कागदासारखा ठळक ग्रेन राहत नाही. घडी कुठूनही घाला. घरी आल्यावर तुम्ही ओल्या कुंचल्याने त्यावर एक रेघ ओढलीत आणि कागद कात्री न लावता त्या रेघेवर हलके हलके फाडलात. कडेला जी मऊ लव सुटली ती पाहून मी यंदाच्या दिवाळीच्या सगळ्या पणत्या तशाच फाडून केल्या, ज्योतीला पैठणीच्या जुन्या काठाची जर लावली. रत्नागिरीच्या आत्याने ते कार्ड देवघरात ठेवलंय.

एक मागणंही आहे. संक्रांतीला तिळगुळाबरोबर द्यायला चार-चार पानांची छोटी पुस्तिका करायचं मनात आहे, मध्ये दोऱ्याची शिवण असलेली. दाभण माझ्याकडे आहे, दोरा तुमच्या पसंतीचा आणू. तुमचे गुडघे दुखतात, तेव्हा मीच खाली येईन, सामान घेऊन. रविवारी दुपारी चालेल का, ते काकूंकडे सांगून ठेवा.

काकूंना नमस्कार.

आपली,
तिसऱ्या मजल्यावरची